करवंदीत अडकलेला भारा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या मावळातले डोंगर हिरवं लुगडं सोडून पिवळं नेसतात. पिवळं म्हणजे साधंसुधं नव्हे. विसापूरच्या उतारावरच्या वाळल्या गवतावर दुपारचं ऊन पडलं की खाली मळवलीच्या फलाटावर उभ्या माणसाला डोळ्यांवर आडवा हात धरावा लागतो, आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर त्या दिवसांत काळा चष्मा लावल्याशिवाय ड्यूटीवर येत नाही. हे मला कुणी सांगितलं असं विचाराल, तर मीच सांगितलं. मी खोटं बोलत नाही. खरं असतं तेच जरा ताणून घेते, म्हणजे ते जास्त माणसांना पुरतं.

परवा वराळ्याच्या फाट्यावर माझ्या स्कूटीपुढे गवताची एक पिकअप आली. इतकी भरलेली की चाकं दिसत नव्हती. गवतच आपल्या पायांनी तळेगावच्या बाजाराला निघालंय असं वाटत होतं. त्यातली एक काडी उडून माझ्या ओठाला चिकटली. काडी कसली, अख्खा हंगामच चिकटला. तो वास एकदा नाकात गेला की मी पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटची मालकीण राहत नाही. भाज्याच्या अलीकडच्या आमच्या वस्तीतली, केसांत कुसळं अडकलेली मंगी होते.

घरी आले तर लेक गॅलरीत पाय हलवत घोकत बसलेली. सातवीत आहे. "वस्तूच्या स्थितीमुळे तिच्यात साठलेली ऊर्जा म्हणजे स्थितिज ऊर्जा. वस्तूच्या गतीमुळे तिला मिळालेली ऊर्जा म्हणजे गतिज ऊर्जा." एका सुरात, आरतीसारखं.

"आई, हे पाठ करू की समजून घेऊ?"

"पाठ केलंस तर पेपरापुरतं पुरेल. समजलं तर झोप उडेल."

"तुझी उडाली होती?"

"माझी? अख्ख्या वस्तीची उडाली होती."

ती हसली. माझ्या बोलण्यातून किती वजा करायचं याचा तिचा हिशेब लहानपणापासून पक्का आहे. पण या गोष्टीतून तिनं वजा करू नये असं मला फार वाटतं.

आम्हाला विज्ञान शिकवायला तळेगावहून बाई यायच्या. मळवलीला लोकलमधून उतरायच्या आणि शेतांच्या बांधावरून चालत शाळेत यायच्या. चप्पल हातात, डबा खांद्याला. अंगाने इतक्या बारीक की वारा जोराचा असला तर फळा पुसायचं डस्टर पर्समध्ये वजनाला ठेवत. त्या दिवशी बाईंनी ओल्या मातीची एक परात टेबलापुढे ठेवली आणि हातातली गोटी तिच्यात सोडली. एकदा वीतभरावरून, एकदा खांद्याच्या उंचीवरून. मग साडीचा पदर खोचून बाई चक्क टेबलावर चढल्या आणि हात उंच करून तिथून सोडली. वर्ग श्वास धरून बसला होता. बाई टेबलावर चढतात हेच आम्हाला गुरुत्वाकर्षणापेक्षा मोठं होतं.

"गोटी तीच आहे," बाई वरूनच म्हणाल्या. "मी जोर लावला नाही, नुसती सोडली. मग तिसरा खड्डा सगळ्यात खोल का?"

आम्ही पुढे वाकून परातीत पाहिलं. बाई म्हणाल्या, "कारण उंची गोटीत जाऊन बसते. गोटी हलत नसते तेव्हासुद्धा ती तिच्यात असते. फक्त दिसत नाही."

मागच्या बाकावरून गण्या उठला. "बाई, आमचं आजोबा दिवसभर वट्यावर बसून असत्यात. त्यांच्यात लय स्थितिज ऊर्जा आसंल."

वर्ग फुटला. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "ओटा किती उंच आहे?"

"कमरंएवढा."

"मग तेवढी नक्की आहे."

आणि मग बाईंनी वळवणच्या धरणाचं विचारलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. पाणी काय करत असतं म्हणाल्या. आम्ही म्हटलं, काय न्हाई, निजलेलं असतं. "निजलेलं नसतं," बाई म्हणाल्या, "थांबलेलं असतं. घाटावरून खाली खोपोलीला जायची वाट उघडली की तेच पाणी धावत सुटतं, चाकं फिरवतं, आणि दिवे लागतात. तुम्हाला जे शांत पाणी दिसतं ना, तो न लागलेला उजेड आहे."

न लागलेला उजेड. मी त्या दिवशी घरी जाताना विहिरीत वाकून पाहिलं नाही, उगाच काही पेटायचं. आजही लोणावळ्याला गेले तर धरणाच्या कडेने जाताना मी हॉर्न वाजवत नाही. नवरा म्हणतो, कशाला? मी म्हणते, एवढं सगळं थांबलंय, आपण कशाला धक्का द्या.

पण हे बाईंचं शिकवणं. ते मनात नुसतं उभं राहिलं होतं. ते पायाखालून धावत गेलं ते गवताच्या दिवसांत.

आमच्याकडे भात कापून झालं की पेंढ्यांची उडवी रचतात. खळ्याच्या कडेला, कणसं आत आणि बुडखे बाहेर, घुमटासारखी. मग झोडणीची पाळी येईपर्यंत ती तशीच राहते. झोडणी म्हणजे पेंढी उचलून दगडावर आपटायची आणि दाणे सुटे करायचे. ती इर्जिकीनं होते. सगळी वस्ती मिळून आज याच्या खळ्यावर, उद्या त्याच्या. पाळी ठरलेली असते. आणि उडवी पूजा झाल्याशिवाय मोडायची नाही, हेही ठरलेलं. आधी मोडली तर बरकत जाते म्हणतात. बरकत जाते का ते ठाऊक नाही, पण वाळलेलं कणीस हलवलं की दाणे झडतात, एवढं लहान पोराला पण ठाऊक असतं.

पाळी येईपर्यंत सगळे डोंगरावर गवताला. सकाळी दवात विळा घातला की गवत करकर कापलं जातं. ऊन चढलं की तेच गवत पोलादाचं होतं. दिवसभर नुसता सर्र, सर्र आवाज. पायांना कुसळं, मानेला कुसळं, भाकरीत कुसळं. लसणाची चटणी त्यांच्यासकट खाल्ली की जास्त तिखट लागते. वर पठारावर वारा असा की बोललेलं वाक्य पवना धरणाच्या बाजूला जाऊन पडायचं आणि तिकडची माणसं उत्तर द्यायची. गवताचे भारे बांधून ते उतारावरून सोडून द्यायचे. वर्षानुवर्षं भारे घसरून डोंगराला एक गुळगुळीत वाट पडली होती, सरळ आमच्या शेतात उतरणारी. भारा आधी नको-नको करत घसरतो. मग गडगडतो. मग उड्या मारतो. वरून पाहताना पोटात जे होतं ते मला अजून कुठल्या पाळण्यात झालेलं नाही.

भाऱ्याची एकच खोड. मधल्या कातळावर आपटला की फुटतो आणि निम्मं गवत वाटेवर सांडतं. यावर माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्या वर्षी तोडगा काढला. माझी ताणायची विद्या मी कुठून उचलली ते आबांना एकदा भेटलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आबा म्हणाले, "ल्हान भारं फुटत्यात, कारन ते ल्हान असत्यात. म्या सगळ्या गवताचा एकच भारा बांधनार. एकच येळ सोडनार."

शेजारचे सोपानभाऊ विडी कानावर ठेवत म्हणाले, "आबा, मग वरनं डोंगरच सोड की. गवत त्याच्यासंगं आपसूक यील."

ते बोलणं आबांना लागलं. मग काय विचारता. घरातले सगळे दोर गेले, विहिरीचा गेला, म्हशीचं दावं गेलं, आईच्या वाळवणाची दोरी गेली. भारा बांधून झाला तेव्हा त्याच्या सावलीत आमची शाळा भरली असती. मधली सुट्टी उन्हात. बरं, शाळा नाही, एक वर्ग तरी. चार गडी लावून आबांनी तो कड्यापर्यंत लोटला आणि टोपी काढून नमस्कार केला.

भारा निघाला. वाटेवर आला. कातळावर आपटला, आणि खरंच फुटला नाही. पण वाट त्याला पुरेना. तो डावीकडे कलला, दुसऱ्याच उतारावर गेला, आणि मध्यावर करवंदीच्या एका जुन्या जाळीत जाऊन बसला. बसला तो बसलाच.

बरोबर त्याच्या खाली हौसाआत्याचं खळं होतं.

हौसाआत्या आबांची धाकटी बहीण. नवरा गेला आणि ती माहेरी आली. काही वर्षं आमच्या चुलीवर राहिली. कुणी तिला काही बोललं नाही, पण ती भात वाढून घेताना पातेल्याकडे बघायची, आपल्या ताटाकडे नाही. त्या वर्षी ती आबांना म्हणाली, "दादा, मला वढ्याकडची दोन खाचरं कसायला दे. माजं म्या खाईन." आबांनी दिली. आत्यानं लावणी केली, खुरपणी केली, पाखरं हाकली. ओढ्याकाठी झोपडी घातली, चूल मांडली. चूल पेटवायची मात्र नव्हती तिनं. म्हणायची, माझ्या तांदळाचा भात शिजेल तेव्हाच पेटवीन. इंद्रायणी तांदळाचं ते तिचं पहिलं पीक, उडवी रचून खळ्यावर उभं होतं. एकटी बाई म्हणून पाळी सगळ्यात शेवटची. ती उडवी गेली असती, तर आत्या पुन्हा आमच्या पातेल्याकडे बघत बसली असती. आयुष्यभर.

आबांनी दुसऱ्या दिवशी गडी नेले, पहारी लावल्या, खालून-वरून ढकललं. भारा तसूभर हलला नाही. आबा खाली येऊन म्हणाले, "लय घट बसलाय. चार गड्यांनी हलंना, तो आपला आपन काय हलतोय? झोडनी झाली की दोर लावून उतरवू."

सगळ्यांना पटलं. चार गड्यांनी हलत नाही ती वस्तू हलतच नाही, हा आमच्या वस्तीचा नियम होता. मला पटेना. मी जाळीकडे पाहायची आणि मला बाई टेबलावर हात उंच करून उभ्या दिसायच्या, बोटांत गोटी, अजून न सोडलेली.

मग ते सुरूच झालं. त्या दिवसांत मला सगळं भरलेलं दिसायला लागलं. फळीवरचा हंडा नुसता हंडा राहिला नाही. आंब्याच्या वाळक्या फांदीत, कौलावर चढलेल्या भोपळ्यात, मांडीवर उचलून घेतलेल्या तान्ह्या पोरात, सगळ्यांत ती उंची मुकाट बसलेली दिसायची. घाट चढून आलेली मालगाडी मळवलीवरून धापा टाकत जायची, आणि मला वाटायचं, इंजिनांनी एवढा दम काढला तो वाया नाही गेला, तो आता त्या डब्यांत भरून चाललाय. रात्री अंथरुणावर पडलं की विसापूर डोळ्यांपुढे यायचा. एवढा प्रचंड डोंगर, कोण जाणे कधी उचलला गेला आणि तसाच वर धरून ठेवला गेला. त्याच्या पोटात लेणी कोरली, अंगावर किल्ला बांधला, आमच्यासारखी माणसं त्याच्या पायाशी भाकऱ्या भाजत राहिली, आणि तो काही न बोलता एवढं सगळं स्वतःत सांभाळून उभा. मला भीती वाटायची, पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटायचं. त्याला तेव्हा शब्द नव्हता. आता लेकीच्या पुस्तकात शब्द आहे, पण तो पुरत नाही.

शेवटी एका दुपारी मी आत्याच्या खळ्यावर गेले. ती नुकतंच शेणानं सारवून हात धूत होती.

"आत्या, उडवी हलव."

"का गं? उडवीनं तुजं काय घोडं मारलंय?"

"वर बघ."

"बघितलं. तुज्या बापाचा भारा हाय."

"तो खाली येनार. तो भरलेला हाय."

"मग? भारा गवतानंच भरत्यात."

"गवतानं न्हाई. उंचीनं."

आत्या हसायला लागली. "उंचीनं बी कोन भरतंय व्हय? तुजी आई माज्यापक्षी वीतभर उंच हाय. तिच्यात काय भरलंय? निस्ता राग."

मी तिच्या झोपडीत गेले आणि वरवंटा घेऊन आले. तिच्या नव्या सारवलेल्या खळ्यावर तो गुडघ्याच्या उंचीवरून सोडला. मग खांद्यावरून. मग खळ्याच्या कडेच्या दगडावर चढून डोक्यावरून. धप्प.

"मंगे, माजं खळं फोडलंस," आत्या ओरडली आणि मारायला हात उगारून आली. मी डोळे मिटले. हात पडला नाही. डोळे उघडले तर आत्या खाली बसून खड्ड्यांत बोट घालत होती. पहिल्यात नख बुडालं. दुसऱ्यात पेर बुडालं. तिसऱ्यात अख्खं बोट गेलं.

"जोर लावलास?"

"न्हाई. निस्ता सोडला."

तिनं माझ्या हातातून वरवंटा घेतला. स्वतः दगडावर चढली, हात उंच केला आणि सोडला. पुन्हा बोट घालून पाहिलं. मग ती वर बघायला लागली. आमच्या डोक्यावर, अर्ध्या आभाळात, करवंदीच्या जाळीत तो भारा उन्हात सोन्यासारखा बसला होता. एक पाखरू त्याच्यावर उतरलं आणि उडालं. आत्या किती वेळ तशीच बघत राहिली. एवढी मोठी बाई, पण तिचं तोंड लहान पोरासारखं उघडं होतं.

"आन् त्यो कवा यील?" तिनं हळूच विचारलं.

"ते बाईंनी शिकवलं न्हाई."

"म्हंजे यील हे ठावं, कवा ते ठावं न्हाई."

"व्हय."

"न्हाईच आला तर? दानं झडतील. पूजंआधी उडवी मोडली म्हनून लोक हसतील."

मी नुसतं वर बोट दाखवलं. आत्यानं पदर खोचला. घरातली होती नव्हती तेवढी लुगडी तिनं खळ्यापासून ओढ्यापलीकडच्या कातळापर्यंत अंथरली, झडलेला दाणा मातीत जाऊ नये म्हणून. हिरवं, जांभळं, लग्नातलं विटलेलं डाळिंबी. उडवीला हात जोडले आणि वरची पेंढी काढली.

आई शेतातून येत होती. तिनं पाहिलं, पाटी ठेवली आणि पेंढ्या उचलायला लागली. आम्ही तिघी त्या रंगीत वाटेवरून ये-जा करत होतो आणि प्रत्येक फेरीला लुगड्यांवर दाणे टपटपत होते. सोपानभाऊ बांधावर बसून बघत होते. "हौसाबाय, भाताला कुटं नांदायला धाडती का? एवढ्या लुगड्यांवरनं तर नवरी बी जात न्हाई."

आबा आले तेव्हा निम्मी उडवी गेली होती. ते म्हणाले, "माज्या भाऱ्यावर इस्वास न्हाई तुजा, हौसा?"

आत्या डोक्यावर पेंढ्या घेऊन तशीच थांबली. "लय इस्वास हाय दादा. म्हनून तर हलवतीया."

पुढचे दिवस फार वाईट गेले. काही झालंच नाही. भारा बसून होता. कातळावर रचलेल्या भाताला पाखरं लागली, पहाटेच्या दवानं वरच्या पेंढ्या ओलावल्या. आत्या दिवसभर कातळावर बसून पाखरं हाकायची. सोपानभाऊ येता-जाता थांबायचे. "हौसाबाय, भारा इचारत व्हता, उडवी कुटं गेली म्हनून. म्या पत्ता दिलाय, यील वाट पुसत." माणसं हसायची. मी शाळेत बाईंना विचारलं, उंचीची ऊर्जा शिळी होते का? आंबते का? उतरते का? बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. "नाही," त्या म्हणाल्या. "वस्तू आहे तिथे असेपर्यंत जशीच्या तशी राहते. हजार वर्षं झाली तरी." मला रडू आलं. बाईंना वाटलं आनंदानं आलं. मी मनातून म्हणत होते, ये बाबा आता, ये.

तो आला सकाळी, माणसं न्याहारी करत असताना. कुणी म्हणतं वानर चढलं होतं, कुणी म्हणतं दवानं दोर सुटले. मला वाटतं करवंदीची जाळी थकली. आधी बोटं मोडावीत तसा आवाज आला. सगळ्यांनी वर पाहिलं. भारा म्हाताऱ्या माणसानं उठावं तसा, गुडघ्यावर हात टेकत टेकत, जाळीतून उठला.

इथून पुढचं मी ताणत नाही. ताणायला जागाच नाही.

पहिल्यांदा तो इतका हळू सरकला की परत बसेल असं वाटलं. मग त्याची एक बाजू वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. मग बाजू दिसेनाशा झाल्या, नुसता पिवळा रंग फिरत होता. पायाखालची जमीन बोलायला लागली. भाकरीबरोबरचं कोरड्यास ताटलीत हललं ते मी पाहिलं. दगड उडाले, पाखरं उडाली, त्याच्या मागे धुळीची एक भिंत उभी राहिली. खळ्याच्या वरच्या कातळावर आला आणि उडाला. हवेत गेला. तेव्हा सगळा आवाज एकदम थांबला. त्या रिकाम्या खळ्यावर त्याची सावली पडली आणि ती सावली लहान होत होत काळी होत गेली.

मग तो खळ्यात उतरला. खळ्याच्या मधला सागवानी खांब, माझ्या कमरेएवढ्या जाडीचा, गाजरासारखा मोडला. दोर तुटले आणि अख्खा भारा आभाळात फुटला. वस्तीभर गवत उन्हातून खाली यायला लागलं. कौलांवर, म्हशींवर, सोपानभाऊंच्या चहात. फार वेळ येत राहिलं. कुणी जागचं हललं नाही. कुत्रीसुद्धा मान वर करून बघत होती.

आत्या सगळ्यांत आधी चालत गेली. उडवी जिथे होती तिथे आता खड्डा होता, म्हैस बसेल एवढा. ती त्याच्या काठाशी उभी राहिली. मी तिच्या मागे. आमचे दोघींचे पाय थरथरत होते.

"मंगे, एवढी सगळी ताकद. ती गेली कुटं?"

मी बाईंनी सांगितलेलं आठवत होते. "गेली न्हाई. थोडी खांबात गेली. थोडी खड्ड्यात. थोडी आवाजात, थोडी गवत उडवायला." मग मला तिचे पाय दिसले. "थोडी आपल्या पायात आली."

आत्यानं खाली वाकून खड्ड्यातली माती हातात घेतली आणि मुठीत धरून राहिली.

आबा धावत आले होते, अनवाणी. खड्ड्यापाशी आले आणि बसले. डोक्यावरचं गवतही त्यांनी काढलं नाही.

"हितं उडवी व्हती," ते म्हणाले.

"व्हती," आत्या म्हणाली.

"हौसा, माज्या मनात..."

"ठावं हाय दादा. उठ. पायात कुसळं भरत्याल हितं."

आबा उठले. त्यांनी मोडक्या खांबाचा तुकडा उचलला, हातात तोलून पाहिला, ठेवला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्ये तुमच्या पुस्तकात आधीपास्नं व्हतं?" मी मान हलवली. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, जणू इतकी वर्षं शेजारी राहून आज नाव कळलं. "उद्या माजी पाळी हाय," ते शेवटी म्हणाले. "माजं भात थांबंल. उद्या तुजं झोडू."

आता त्या खळ्यावर शनिवार-रविवारी धबधब्याला येणाऱ्यांच्या गाड्या लागतात. खड्डा कधीच बुजला. लेकीला मी जागा दाखवली, तेव्हा तिथे एक लाल मोटार उभी होती आणि मुलं सेल्फी काढत होती. लेक म्हणाली, आई, म्हैस बसेल एवढा म्हणजे खरं सांग, केवढा? मी हात पसरून दाखवला. तिनं पहिल्यांदाच वजा केलं नाही. ती वर डोंगराकडे बघत राहिली.

भारा पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, आत्याचं खळं उरलं नव्हतं म्हणून, आमच्या खळ्यावर झोडणीचा दगड मांडला. अख्खी वस्ती आली होती. सोपानभाऊ सगळ्यांत आधी, हात बांधून, एक अक्षर न बोलता. पूजा झाली. पहिली पेंढी आत्यानं मारायची होती. तिनं ती दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. एरवी पेंढी वर गेली की त्याच दमात खाली येते, बघणाऱ्याला मधलं काही दिसत नाही. आत्या वर धरून थांबली. माणसं वाट बघत होती. तिच्या मनगटावर काचेच्या बांगड्या नव्हत्या, नुसत्या दोन शिरा ताठ उभ्या होत्या, आणि वर कणसं उन्हात स्तब्ध.

"मंगे," ती वर बघतच म्हणाली, "आता ह्यात हाय का गं ती?"

"हाय."

"सगळी?"

"तू उचललीस तेवढी सगळी."

तिनं अजून टाचा उचलल्या, होईल तेवढ्या. मग पेंढी दगडावर आली, दाणे उडाले आणि सगळ्यांच्या पायांवर पडले. त्या संध्याकाळी ओढ्याकाठच्या झोपडीतून धूर निघाला.